इंजिनाला लावावे तरी काय?

मे महिन्यातली गोष्ट. समुद्रपूर येथे विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही नागपूरहून भाड्याच्या जीपने निघालो होतो. वर्धा जिल्ह्यात या दिवसांत पारा ४५ अंशांवर जाणे नवे नाही. नागपूर-हैदराबाद महामार्ग आणि चंद्रपूरकडे जाणारा रस्ता जिथे वेगळे होतात ते जाम गाव समुद्रपूर तालुक्यातच आहे. ते दोन-तीन किलोमीटरवर राहिले असताना बॉनेटमधून वाफ येऊ लागली आणि गाडी थांबली. रेडिएटरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी होज पाइप वाकणावर उभा चिरला होता.

बॉनेट उघडल्यावर एक गोष्ट आमच्या डोळ्यांत भरली. इंजिन विलक्षण स्वच्छ होते. रबर, प्लॅस्टिक, तारांची वेष्टणे, सारे काळेभोर आणि चकचकीत. चालकाला त्याचा अभिमान होता. "दर सोमवारी डिझेलचा बोळा फिरवतो सर, नव्यासारखं राहते," तो म्हणाला. जामहून आलेल्या मिस्त्रींनी जुना पाइप काढला, दोन बोटांत दाबला आणि आमच्या हातात दिला. तो चिरेच्या आजूबाजूला फुगलेला आणि पिलपिलीत लागत होता. "हा आज नाही फुटला सर. खूप दिवसापासून फुगून राह्यला होता," इतकेच बोलून त्यांनी नवा पाइप बसवला.

शिबिरात आम्ही उशिरा का पोचलो हे सांगताना हा किस्सा सांगितला, आणि मग ठरलेला विषय बाजूला राहून तासभर त्यावरच चर्चा झाली. बहुतेक शिक्षकांकडे स्वतःची मोटारसायकल किंवा मोटार होती. डिझेल लावू नये, तर मग काय लावावे? बाजारात इंजिन आणि रबर चमकवणारी द्रव्ये मिळतात, ती चांगली का? त्यांतले कोणते निवडावे? हा प्रश्न आम्हाला वाटला होता त्यापेक्षा खोल निघाला. त्याचे उत्तर शोधताना प्रकाश, पृष्ठताण, बहुवारिके आणि ज्वलन ही शालेय विज्ञानाची चार प्रकरणे एकत्र येतात. म्हणून ते येथे सविस्तर मांडत आहोत.

रक्षण कोणापासून?

अशा द्रव्यांच्या बाटलीवर 'रक्षण आणि चमक' असे दोन शब्द सहसा जोडीने असतात. त्यातला पहिला शब्द वाचला की विचारायचा प्रश्न असा: रक्षण कोणापासून?

पुष्कळ बाटल्यांवर सूर्याच्या अतिनील किरणांपासून रक्षण मिळते असा उल्लेख असतो. टायर, बंपर किंवा डॅशबोर्ड यांच्या बाबतीत हा मुद्दा योग्य आहे, कारण त्यांवर ऊन पडते. पण बॉनेटखाली ऊन पोचतेच कुठे? तिथे वर्षाचे बाराही महिने अंधार असतो. अतिनील किरण हा इंजिनाच्या कप्प्यातल्या रबराचा शत्रूच नव्हे.

तिथले शत्रू वेगळे आहेत. पहिला शत्रू उष्णता. इंजिनातून फिरणारे पाणी सुमारे ९० अंश सेल्सिअसला असते आणि रेडिएटरच्या झाकणामुळे ते दाबाखाली असते. वातावरणाच्या दाबाइतकाच जादा दाब असला तर पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळते, म्हणून ही योजना. हा दाब सोसायचा तो होज पाइपने. दुसरा शत्रू तेल: गळणारे इंजिन ऑइल, डिझेल, पेट्रोल. तिसरा हवेतला ओझोन. चौथा धूळ. या चौघांपैकी कोणाला आपले द्रव्य अडवते आणि कोणाला घरात घेते, हे पाहिले की निवड आपोआप होते.

काळी माती ओली झाली की

आधी चमक म्हणजे काय ते पाहू. त्यासाठी प्रयोगशाळा नको, समुद्रपूरची काळी माती पुरे. उन्हाळ्यात भेगाळलेले शेत करड्या रंगाचे दिसते. पहिला पाऊस पडला की तेच शेत काळेभोर होते. मातीचा रंग बदलला का? नाही. कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा असते. हवेतून कणात आणि कणातून पुन्हा हवेत जाताना प्रकाश प्रत्येक पृष्ठभागावर थोडा थोडा परततो आणि चारी दिशांना विखुरतो. तो आपल्या डोळ्यांत शिरला की माती फिकट दिसते. फटींत पाणी भरले की हवेची जागा पाणी घेते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे हवेपेक्षा मातीच्या कणांच्या अधिक जवळचा. प्रकाश कमी विखुरतो, आत खोल जातो आणि तिथे शोषला जातो.

जुन्या रबराचे आणि प्लॅस्टिकचे तसेच असते. त्यांचा पृष्ठभाग वापराने खरखरीत होतो, त्यावर सूक्ष्म खळगे पडतात. त्यांत कोणताही द्रव भरला की रंग गडद होतो. द्रवाचा वरचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने तो आरशासारखा एकाच दिशेने प्रकाश परतवतो, आणि चकाकी येते. इथे 'कोणताही द्रव' हे शब्द महत्त्वाचे. पाणी, खोबरेल, डिझेल, ग्लिसरीन, सिलिकोन: सारेच चमक देतात. पाणी लगेच उडून जाते आणि बाकीचे टिकतात, एवढाच फरक. म्हणजे चमक ही रक्षणाची खूण नव्हे. खळगे भरले गेले, इतकेच ती सांगते.

बाजेची वीण आणि डिझेल

आता डिझेलकडे वळू. रबर हे बहुवारिक आहे. कार्बन व हायड्रोजनच्या हजारो लहान घटकांची लांबच लांब साखळी म्हणजे त्याचा रेणू. नुसत्या कच्च्या रबरात या साखळ्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून ते उन्हात चिकट होते. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला १८३९ मध्ये असे आढळले, की गंधकाबरोबर तापवलेले रबर चिकट होत नाही. गंधकाचे अणू शेजारच्या साखळ्यांना जागोजागी गाठी मारतात.

आपल्याकडची सुंभाची बाज डोळ्यांसमोर आणा. सुंभ म्हणजे रबराची साखळी आणि प्रत्येक गाठ म्हणजे गंधकाचा पूल. वीण ताणली जाते आणि भार काढला की परत येते.

डिझेल, रॉकेल, पेट्रोल हेही कार्बन व हायड्रोजनचेच पदार्थ. समानधर्मी पदार्थ एकमेकांत मिसळतात, हा रसायनशास्त्रातला जुना नियम. डिझेलचे लहान रेणू रबराच्या साखळ्यांमध्ये सहज शिरतात. गाठी नसत्या तर साखळ्या सुट्या होऊन रबर विरघळून गेले असते. गाठी असल्यामुळे ते विरघळत नाही, फुगते. साखळ्या ताणल्या जातात, एकमेकींपासून दूर जातात, आणि रबर मऊ व दुबळे होते. आत दाबाखालचे गरम पाणी आणि बाहेरून असे फुगलेले रबर, मग वाकणावर चीर पडायला कितीसा वेळ?

इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. इंजिनातली सारी रबरे सारखी नसतात. इंधनाच्या नळ्यांत नायट्राइल नावाचे रबर पूर्वापार वापरले जाते. त्याच्या साखळीत नायट्रोजन असलेले ध्रुवीय गट असतात, म्हणून डिझेल त्यात फारसे शिरत नाही. पाण्याचे होज पाइप मात्र बहुधा ईपीडीएम या रबराचे असतात. ते उष्णता, पाणी आणि ओझोन उत्तम सोसते, पण खनिज तेलापुढे हार मानते. दोन्ही पाइप काळेच असल्याने डोळ्यांना भेद कळत नाही. डिझेलचा बोळा इंधनाच्या नळीला फार त्रास देत नाही, शेजारच्या पाण्याच्या पाइपला मात्र आठवड्यागणिक कमकुवत करत जातो. एकदा पुसल्याने काही होत नाही. नेमाने पुसल्याने होते.

वर्गात करून पाहा

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बरोबर ५ सेंटिमीटर लांबीच्या पाच पट्ट्या कापा. झाकणाच्या पाच काचेच्या बाटल्यांत अनुक्रमे पाणी, साबणाचे पाणी, ग्लिसरीन, खोबरेल आणि डिझेल घ्या आणि प्रत्येकीत एक पट्टी बुडवा. डिझेल शिक्षकांनी स्वतः ओतावे, पट्टी बुडेल इतकेच घ्यावे, आणि जवळपास ज्योत नसावी. चोवीस तासांनी पट्ट्या पुसून पुन्हा मोजा.

पाणी, साबण आणि ग्लिसरीन यांतल्या पट्ट्यांत फरक जवळजवळ दिसणार नाही. खोबरेलातली थोडी फुगेल. डिझेलातली स्पष्ट फुगलेली दिसेल. येथे गणिताचीही संधी आहे. समजा, पट्टी ५ वरून ६.२५ सेंटिमीटर झाली, म्हणजे लांबी सव्वापट झाली. रुंदी आणि जाडीही तेवढीच वाढते, म्हणून आकारमान १.२५ × १.२५ × १.२५, म्हणजे सुमारे १.९५ पट होते. लांबीतली चार आण्यांची वाढ म्हणजे आकारमानात जवळजवळ दुप्पट! विद्यार्थी हे सहसा विसरत नाहीत.

मग पाचही पट्ट्या ताणून पाहायला सांगा. फुगलेली पट्टी किती थोड्या जोराने तुटते ते हातालाच कळेल. वापरलेले डिझेल नालीत ओतू नये. जवळच्या गॅरेजमधील जुन्या ऑइलच्या पिंपात द्यावे.

मेणाचा अदृश्य थर

तिसरा शत्रू ओझोन. जमिनीलगतच्या हवेत तो अगदी थोडा असतो, अब्जावधीत काही दशक भाग. पण नैसर्गिक रबराच्या साखळीत जागोजागी दुहेरी बंध असतात आणि ओझोन नेमका त्यांवर घाव घालतो. ताणलेल्या रबरावर त्याचा परिणाम लवकर दिसतो. एक रबर बँड लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवा आणि दुसरा सैल ठेवा, दोन्ही खिडकीबाहेर सावलीत काही आठवडे राहू द्या. ताणलेल्या बँडवर ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा पडतील. सैल बँड बहुधा चांगला राहील.

रबर बनवणारे यावर एक सुंदर उपाय योजतात. ते रबरात थोडे मेण आणि ओझोनरोधक द्रव्ये मिसळतात. ही हळूहळू आतून पृष्ठभागावर येतात आणि तिथे पातळ थर धरतात. हा थर कधी पांढुरका, कधी तपकिरी दिसतो. मालकाला तो मळ वाटतो! तो डिझेलच्या बोळ्याने पुसून काढला, की आतून आणखी मेण येते. तेही पुसले जाते. काही वर्षांत साठा संपतो. रबरात शिरलेले डिझेल नंतर उडून जाताना मऊपणा आणणारी मूळ तेलेही त्याच्याबरोबर बाहेर पडतात, म्हणून फुगलेले रबर पुढे आकसते आणि कडक होते. चमकेच्या मागे लागून आपण जे काढतो तेच खरे रक्षण होते.

बाटलीत असते काय?

बाजारातल्या बहुतेक द्रव्यांत मुख्य घटक सिलिकोनचे तेल असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग यांनी या संयुगांचा अभ्यास केला. १९४० मध्ये अमेरिकेत यूजीन रॉकाऊ यांनी त्यांतली मूळ द्रव्ये स्वस्तात बनवण्याची रीत शोधली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांतील ठिणगीच्या यंत्रणेत ओल शिरू नये म्हणून सिलिकोनचे लुकण वापरले गेले. म्हणजे इंजिन आणि सिलिकोन यांचे नाते जुनेच आहे.

सिलिकोनच्या साखळीचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजन या, वाळूतल्याच, मूलद्रव्यांचा असतो. म्हणून ते उष्णता चांगली सोसते आणि नेहमीच्या रबरात फारसे शिरत नाही. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या जेमतेम तीस टक्के, त्यामुळे ते आपणहून पसरते आणि बारीक खळग्यांत पोचते. मात्र सिलिकोनमधून वायू सहज आरपार जातात, तेव्हा ओझोनला ते अडवील ही आशा धरू नये. काही गाड्यांत खुद्द सिलिकोन रबराचे पाइप असतात. ते बहुधा निळे किंवा लाल असतात. त्यांना मात्र सिलिकोनचे तेल फुगवते. समानधर्मी पदार्थांचा नियम इथेही लागू!

खरा भेद सिलिकोनमध्ये नाही, ते कशात मिसळले आहे त्यात आहे. एका प्रकारात ते रॉकेलसारख्या विद्रावकात विरघळवलेले असते. दुसऱ्यात त्याचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. दुधात स्निग्धांश असतो तसे हे पायस असते. पहिल्या प्रकाराची चमक जास्त आणि टिकाऊ असते, आणि दुकानदार तोच पुढे करतात. पण त्यातला विद्रावक रबराशी डिझेलसारखाच वागतो.

दोन्ही ओळखणे सोपे आहे. पाण्यावर आधारलेले द्रव्य बहुधा दुधासारखे पांढरे असते, विद्रावकावर आधारलेले पारदर्शक आणि रॉकेलच्या वासाचे. शंका असल्यास ग्लासभर पाण्यात चार थेंब टाका. पाणी सर्वत्र गढूळ झाले तर ते पायस. वर तवंग येऊन इंद्रधनुषी रंग दिसले तर विद्रावक. आणखी खात्री हवी असेल तर ट्यूबच्या पट्टीचा प्रयोग याच द्रव्यात करा.

आगीचा प्रश्न

ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते त्याला ज्वलनबिंदू म्हणू. पेट्रोलचा हा बिंदू शून्याखाली सुमारे ४० अंश आहे, रॉकेल व डिझेलचा साधारण ४० ते ६० अंशांच्या आसपास. मे महिन्यात नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या बॉनेटखाली एवढे तापमान सहज असते. त्याहून मोठा धोका धूर बाहेर नेणाऱ्या बीडाच्या नळ्यांचा. जोरात चाललेल्या इंजिनात त्या ४०० अंशांच्याही वर तापतात, आणि डिझेल तर सुमारे २१० ते २५० अंशांना ठिणगीशिवायही पेटू शकते. विद्रावकावर आधारलेले चमकद्रव्य याच जातीचे. पायसातले पाणी पेटत नाही, उलट उडून जाताना उष्णता घेते. नुसत्या या कारणासाठीही पाण्यावरचे द्रव्य निवडावे.

धूळ आणि कापूस

उरला चौथा शत्रू. समुद्रपूर, हिंगणघाट हा कापसाचा पट्टा. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाले की रस्त्यावरून कापसाच्या गाड्या धावतात आणि हवेत तंतू उडत असतात. तेलकट थरावर ते चिकटतात, त्यांवर काळ्या मातीची धूळ बसते, आणि महिन्याभरात चमकत्या इंजिनावर नमद्यासारखे आवरण तयार होते. ते उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि तेलात भिजलेले असल्याने पेटायलाही सोपे. काचेच्या दोन पट्ट्यांपैकी एकीवर द्रव्याचा हात फिरवून अर्ध्या तासाने कोरडी पुसा, दुसरी तशीच ठेवा. दोन्हींवर सुकी माती भुरभुरवा आणि उलटी करून टिचकी मारा. ज्या द्रव्याच्या पट्टीवर माती फार चिकटून राहते ते या भागासाठी नव्हे.

तर मग निवड कशी करावी?

सर्वांत आधी, काहीच न लावण्याचा पर्याय विसरू नका. गार इंजिन साबणाच्या सौम्य पाण्यात पिळलेल्या फडक्याने आणि मग स्वच्छ ओल्या फडक्याने पुसले तर रबराला आणखी कशाची गरज नसते. पाण्याचा जोरदार फवारा मात्र मारू नये. ते तारांच्या जोडांत आणि वीज निर्माण करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये शिरते.

चमक हवीच असेल तर पाण्यावर आधारलेले, वाळल्यावर बोटाला चिकट न लागणारे द्रव्य घ्यावे. ते इंजिन गार असताना, आधी फडक्यावर घेऊन, रबर आणि प्लॅस्टिकवर पुसावे आणि जादा राहिलेले कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. फवारू नये. फवाऱ्याचे थेंब हवेच्या गाळणीकडे जातात, आणि सिलिकोनची वाफ इंजिनात जळली की तिची वाळूसारखी राख होते. नव्या गाड्यांत धुरातला ऑक्सिजन मोजणारा संवेदक असतो, तो या राखेने निकामी होऊ शकतो. पट्टा आणि त्याच्या कप्प्या यांना चुकूनही द्रव्य लागू नये, कारण पट्ट्याचे काम घर्षणावर चालते आणि घर्षण नाहीसे करणे हाच सिलिकोनचा गुण. धुराच्या नळ्या आणि ब्रेकचे भाग यांच्या वाटेलाही जाऊ नये.

बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते. टोके घट्ट बसवल्यावर त्यांवर व्हॅसलिनचा हात फिरवावा. इथे मात्र खनिज तेलाचा पदार्थ योग्य ठरतो, कारण रक्षण धातूचे करायचे आहे आणि शत्रू आम्लाची वाफ आहे. नुसते 'तेल वाईट' असे सूत्र पाठ करून भागत नाही. कोणत्या वस्तूचे, कोणापासून, हे दोन प्रश्न दर वेळी विचारावे लागतात.

आणि महिन्यातून एकदा, इंजिन पूर्ण गार असताना, होज पाइप दोन बोटांत दाबून पाहावा. तो सर्वत्र सारखा लवचीक लागला पाहिजे. पिलपिलीत, फुगीर किंवा कुरकुरीत लागला तर तो बदलावा, मग तो कितीही चकाकत असो.

शिबिराच्या शेवटी एका शिक्षकांनी पोळ्याची आठवण काढली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे हळद आणि तुपाने चोळतात, शेकतात. दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवतात, बेगड लावतात, अंगावर झूल घालतात. मिरवणुकीत दिसतात ती शिंगे, खांदे झुलीखाली झाकलेले असतात. पण जू ओढायचे ते खांद्यांनीच, हे शेतकरी विसरत नाही, म्हणून खांद्यांचा मान आधी. इंजिनाच्या बाबतीतही क्रम तोच ठेवावा. आमच्या जीपच्या चालकाने शिंगे रंगवली होती, मनापासून आणि दर सोमवारी. खांदा कुठे असतो ते त्याला कोणी सांगितलेच नव्हते.